गोळी भिंतीत अडकली, गुन्हा कागदावर का नाही?

प्रश्न : आमचं गाव बीड आणि लातूरच्या शिवेवर आहे. पंधरा दिवसांखाली रात्री गल्लीतून लग्नाची वरात चालली होती. डीजे आमच्याच दारासमोर थांबला. नवरदेवाच्या एका मित्राने पिस्तुलातून आधी दोन बार वर काढले. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, म्हणून माझे दीर ओट्यावर जाऊन 'आवाज कमी करा, नाहीतर पुढं घ्या' म्हणाले. त्यावरून शब्दाला शब्द लागला. दीर आत आले, आम्ही दार लावून घेतलं. घरात लाइट चालू होती. लगेच आणखी दोन बार झाले. एक गोळी पत्र्याच्या दारातून शिरून सासूबाईंच्या बाजेच्या हातभर वर भिंतीत रुतली, दुसरी अंगणातल्या पाण्याच्या टाकीतून गेली. देवाच्या कृपेने कुणाला खरचटलंही नाही. ठाण्यात गेलो तर अर्ज घेतला आणि 'कुणाला लागलं का? नाही ना? मग चौकशी करतो' म्हणाले. पुढं काही नाही. तो मुलगा म्हणतो, पिऊन होतो, चुकून सुटली. भावकी म्हणते, दाराचे आणि टाकीचे पैसे घ्या, मिटवा. मालक म्हणतात, आपल्याला याच गावात राहायचंय. पोरगा मोबाइलवर वाचून सांगतो की अमेरिकेत घरावर गोळी झाडली की वेगळंच कलम लागतं. आपल्याकडं काहीच नाही का? गोळी अजून भिंतीत आहे, काढून ठेवू का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ते काम आजचं आहे. गोळी काढू नका. पक्कड लावू नका, सुरीने कोरू नका, भोक बुजवू नका. दार बदलायचं असेल तर जुनं दार भंगारवाल्याला न देता घरात ठेवा, आणि ते काढण्याआधी जागेवरच फोटो काढा. दाराचं भोक जमिनीपासून किती उंचीवर आहे आणि भिंतीतलं किती, हे टेप लावून मोजा आणि टेपसकट फोटो घ्या. बाज त्या रात्री होती तिथेच ठेवून एक फोटो, मग हवी तर हलवा. टाकीचंही तसंच. दोन्ही बाजूंची भोकं दिसली पाहिजेत.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. दोन भोकं म्हणजे एक सरळ रेघ. भिंतीतल्या भोकापासून दाराच्या भोकातून सुतळी ताणून तशीच बाहेर गल्लीत नेली, तर पिस्तुलाची नळी साधारण कुठे आणि किती उंचीवर होती ते समजतं. हवेत झाडलेली गोळी खाली येऊन लागली असती तर उतरत्या, तिरक्या रेघेत आली असती, आणि लागली असती बहुधा छताला. रेघ गल्लीत उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला जाऊन मिळत असेल, तर 'वर झाडत होतो' हे म्हणणं तिथेच संपतं. मोजणीचं काम पोलीस आणि न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेच्या तज्ज्ञांचं. तुमचं काम जागा जशीच्या तशी राखण्याचं. शिवाय कारखान्यात बनलेल्या पिस्तुलाच्या नळीत आतून आटे असतात, त्यांच्या रेघा गोळीवर उमटतात, आणि जप्त केलेल्या पिस्तुलातून चाचणीसाठी झाडलेल्या गोळीशी त्या ताडून पाहता येतात. पक्कडीच्या ओरखड्यांनी नेमका हाच पुरावा जातो. हत्यार गावठी कट्टा असेल तर नळीत बहुधा आटे नसतात. मग रिकाम्या पुंगळीवरची पिनेची खूण कामाला येते. गल्लीत कुणी पुंगळी उचलून ठेवली असेल तर ती कुणी, कुठून, कधी उचलली हे लिहून ठेवा आणि पोलिसांकडे पंचनाम्यातच द्या.

आता ठाण्यातला प्रश्न. 'कुणाला लागलं का?' हा प्रश्न दवाखान्यात ठीक आहे. कायदा आधी विचारतो, चाप ओढताना त्या माणसाच्या मनात काय होतं आणि त्याला काय ठाऊक होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम १०९ म्हणजे खुनाचा प्रयत्न, जुन्या दंड संहितेतलं ३०७. हे कलम न्यायाधीशाला एक कल्पना करायला लावतं: या कृत्याने माणूस मेला असता, तर तो खून ठरला असता का? ठरला असता, तर माणूस मेला नाही तरी दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. कुणी जखमी झालं तर जन्मठेपेपर्यंत. म्हणजे गोळी हातभर खाली आली असती तर काय झालं असतं, हा विचार कायद्याने आपल्या पोटातच ठेवला आहे. जखम प्राणघातक असलीच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली महाराष्ट्र सरकार विरुद्ध बलराम बामा पाटील या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

मग प्रश्न येतो, त्याला सासूबाईंना मारायचं होतं का? नव्हतं, हे तुम्हीही मान्य कराल. पण खुनाच्या व्याख्येतला, कलम १०१ मधला, एक प्रकार असा आहे की कुणा ठरावीक माणसाला मारण्याचा हेतू लागत नाही. आपलं कृत्य इतकं धोक्याचं आहे की त्यातून बहुतेक मृत्यूच ओढवेल हे ठाऊक असून, काही सबब नसताना ते केलं, एवढं पुरतं. १८६० च्या दंड संहितेत याला दिलेलं उदाहरण वकिलीच्या पहिल्या वर्षातल्या पोरालाही पाठ असतं: कारण नसताना माणसांच्या जमावावर भरलेली तोफ डागली आणि एक जण मेला, तर तो खून, अमुक एकालाच मारायचं आधी ठरलेलं नसलं तरीही. तुमच्या दारामागे गर्दी नव्हती, पण दीर आत्ताच आत गेलेले त्याने डोळ्यांनी पाहिले होते आणि घरात दिवा होता.

तरीही मी तुम्हाला १०९ ची खात्री देणार नाही. या कलमाच्या खाली तीन पायऱ्या आहेत आणि बचावाचा वकील तुम्हाला एकेक पायरी खाली ओढेल. पहिली, कलम ११०: मृत्यू झाला असता तर तो खून नव्हे पण सदोष मनुष्यवध (जीव जाऊ शकतो हे ठाऊक असूनही केलेली, पण खुनाच्या व्याख्येत न बसणारी हत्या) ठरला असता, अशी कृती. इजा नसेल तर तीन वर्षांपर्यंत, असेल तर सात. तिच्या खाली शस्त्र अधिनियमाचं कलम २५(९). ते २०१९ च्या दुरुस्तीने आलं. निष्काळजीपणे किंवा लग्न, मिरवणूक, देवस्थान अशा ठिकाणी आनंदाच्या भरात गोळी झाडून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तळाशी न्याय संहितेचं १२५, हयगयीने जीव धोक्यात घालणं. कुणाला इजा नसेल तर तीन महिने किंवा अडीच हजारांपर्यंत दंड. मोटारसायकल बेफाम चालवणाऱ्यालाही हेच कलम लागतं. तुमचं प्रकरण या तळाच्या पायरीवर बसवलं जाण्याचा धोका सगळ्यात मोठा.

म्हणून चार बारांची एकच गोष्ट सांगू नका. पहिले दोन वर काढले, ते २५(९) मध्ये बसतात, त्यावर वाद नको. नंतरचे दोन वेगळे. त्यांच्या आधी भांडण झालं, दार लागलं, नळीची दिशा बदलली, आणि एक सोडून दोन गोळ्या त्याच दिशेला आल्या. हा फरक तुमच्या फिर्यादीत ठळक आला नाही, तर सगळं 'वरातीतला उत्साह' या खात्यात जमा होईल. न्यायालयं त्या उत्साहाकडे कशी पाहतात, त्याचंही उदाहरण आहे. उत्तराखंडातल्या भगवान सिंग खटल्यात लग्नघरी छताकडे झाडलेल्या बंदुकीचे छर्रे लागून दोन जण दगावले होते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला खुनातून काढून सदोष मनुष्यवधात ठेवलं आणि दहा वर्षं दिली. हेतू नव्हता, पण भरलेली बंदूक गर्दीत चालवली तर काय होऊ शकतं याची जाण त्याला असायलाच हवी होती, असा त्याचा मथितार्थ. तिथे भांडण नव्हतं, बंद दारावर नेम नव्हता. तुमच्याकडे दोन्ही आहे. त्या निकालाचा दाखला समोरचा वकील देणारच. तेव्हा हा फरक सरकारी वकिलांनी दाखवायला हवा, आणि तो दाखवता यावा अशी फिर्याद आजच लिहायला हवी.

'पिऊन होतो' याने फारसं काही होत नाही. स्वतःच्या मर्जीने प्यालेल्या माणसाला शुद्धीवर असताना जी जाण असती तीच होती असं कायदा धरून चालतो (न्याय संहिता, कलम २४). ठरावीक माणसाला मारण्याचा हेतू होता का, यावर दारूची चर्चा होऊ शकते. जाण होती का, यावर नाही. आणि 'चुकून सुटली' म्हणणाऱ्याला अपघाताचं संरक्षण तेव्हाच मिळतं, जेव्हा तो कायदेशीर काम कायदेशीर पद्धतीने, पुरेशी काळजी घेऊन करत होता (कलम १८). वरातीत पिस्तूल चालवणं मुळातच गुन्हा, तेव्हा ते दार त्याला बंद. एरवीही, चुकून एक सुटते. दोन कशा सुटल्या, हे त्याला विचारायला हवं.

तुमच्या मुलाने वाचलं ते बरोबर आहे. कॅलिफोर्नियाच्या दंड संहितेत राहत्या घरावर मुद्दाम गोळी झाडणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम २४६. सात वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आत कुणी होतं का, कुणाला मारायचं होतं का, हे सिद्ध करण्याची गरज तिथे पडत नाही. आपल्याकडे असं स्वतंत्र कलम नाही. आपण तोच प्रसंग जाण आणि हेतूच्या मापाने मोजतो. मला विचाराल तर असं एक सरळ कलम आपल्याकडेही हवं. निदान ठाण्यातला 'लागलं का?' हा प्रश्न बंद झाला असता.

आता ठाण्याचं. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३८ प्रमाणे त्या कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे. वरातीत बार काढले एवढी एक गोष्ट सांगितली तरी गुन्हा नोंदवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 'ललिता कुमारी' निकालाने २०१३ पासून ते बंधनकारक आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात) आधी चौकशी करण्याची एक सवलत पोलिसांना आहे खरी. ती तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती, पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने आणि चौदा दिवसांच्या मुदतीत. दहा वर्षांच्या १०९ ला ती लागू नाही, दोन वर्षांच्या २५(९) ला नाही. फक्त ११० ला लागू होऊ शकली असती, आणि तुमचे चौदा दिवस उलटून गेले.

तर नवी फिर्याद लिहा. कलमं तुम्ही लिहिली पाहिजेत असं नाही, प्रसंग नीट लिहा: कोण, कुठे उभा, हात कुठे रोखलेला, किती वाजता, भांडणात कोणते शब्द, दार कधी लावलं, दिवा चालू होता, गोळी कुठून कुठे. उशीर का झाला तेही लिहा: त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो, अर्ज घेतला, गुन्हा नोंदवला नाही. अर्जाची पोच असेल तर जोडा. ठाण्यात घेतलं नाही तर हीच फिर्याद रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना. तिथूनही काही झालं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, प्रतिज्ञापत्रासह. गुन्हा नोंदवल्यावर एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांत पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं. १०९ लागलं तर सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा म्हणून न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी येण्याची तरतूद आहे, तीही लेखी मागा.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो, कारण आपल्या भागातली ही जुनी खोड आहे. फिर्यादीत नवरदेव, त्याचा बाप, चुलते, डीजेवाला आणि जुन्या बांधाच्या भांडणातला कुणीतरी, असं सगळं खानदान गोवू नका. ज्याने गोळी झाडली तो एक. त्याला 'झाड, झाड' म्हणणारा कुणी तुम्ही स्वतः पाहिला-ऐकला असेल तर तोही. बाकीच्यांची नावं घातली की उलटतपासणीत पहिलं खोटं नाव सापडतं आणि त्याच्यासोबत खरं नावही निसटतं. नवरदेवाच्या घरच्यांशी तर उलट नीट बोला. वरातीचं शूटिंग करणारा फोटोग्राफर त्यांनीच लावलेला असतो, आणि त्याच्या कॅमेऱ्यात तुमचं दार, ती वेळ आणि तो हात असण्याची शक्यता कुणाच्याही साक्षीपेक्षा जास्त आहे. मोबाइलवर कुणी व्हिडिओ काढला असेल तर ज्या फोनमध्ये काढला तो फोन महत्त्वाचा. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली प्रत न्यायालयात लंगडी पडते. समोरच्या किराणा दुकानाला सीसीटीव्ही असेल तर त्यावरचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, कदाचित गेलंही असेल. तरी पोलिसांना लेखी कळवा की ते ताब्यात घ्या.

पिस्तूल परवान्याचं की बेकायदा, हे तुमच्या पत्रातून कळत नाही. बेकायदा असेल तर ते नुसतं जवळ बाळगण्यालाच २०१९ नंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे, वरच्या कलमांशिवाय. परवान्याचं असेल तर आणखी एक वाट उघडते आणि ती खटल्यापेक्षा जलद आहे. जिल्हाधिकाऱ्यांना वेगळा अर्ज द्या की सार्वजनिक सुरक्षेला धोका असल्याने परवाना निलंबित करून शस्त्र जमा करावं. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली हा अधिकार त्यांना आहे आणि शिक्षा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. डिसेंबर २०२४ नंतर बीड जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांची केवढी चर्चा झाली आणि प्रशासनाने शंभरावर परवाने रद्द केले, हे तुम्ही पाहिलंच असेल. असा अर्ज आता कुणी बाजूला टाकत नाही. परवाना दुसऱ्याचा आणि पिस्तूल याच्या हातात, असं असेल तर देणाराही अडचणीत येतो.

राहिली भावकी. खुनाचा प्रयत्न हा आपसात मिटवण्याजोगा गुन्हा नाही. पारावर बसून, तंटामुक्तीच्या बैठकीत किंवा सरपंचांच्या ओसरीवर तो मिटत नसतो, सगळ्यांनी सह्या केल्या तरी. गुन्हा रद्द करून घ्यायला पुढे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जावं लागतं, आणि २०१९ च्या लक्ष्मी नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की खुनाचा प्रयत्न आणि शस्त्र अधिनियम असे गुन्हे समाजाविरुद्धचे असतात, केवळ तडजोड झाली म्हणून ते रद्द होत नाहीत. इजा कुठे झाली, हत्यार कोणतं होतं, हे न्यायालय पाहतं. तडजोडीची घाई भावकीला आत्ताच का आहे, त्याचं उत्तर यात आहे: गुन्हा नोंदला जाण्याआधी तुम्ही सही केली तर पुढे हे उभं करणं फार अवघड होतं. दाराचे-टाकीचे पैसे कुणी देत असेल तर घ्यायला हरकत नाही, ती तुमची नुकसानभरपाई आहे. पण पैशांसोबत कोणताही कागद आला, बाँड आला, 'आमची काही तक्रार नाही' असं लिहिलेलं आलं, तर पैसेही परत करा.

मालकांची भीती खोटी नाही, आणि त्यांना भित्रं म्हणायला मी गावाबाहेरचा माणूस कोण! साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या मंजुरीने देशभर लागू आहे. जिल्ह्यात जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो. एका खेड्यातल्या घराला त्यातून चोवीस तास पोलीस मिळतील अशा भ्रमात राहू नका. पण अर्ज केला की धोक्याचा अहवाल पोलिसांना द्यावा लागतो, आणि तुमच्या दाराशी उद्या काही झालं तर कुणाला आधी माहीत होतं याची नोंद राहते. साक्ष फिरवण्यासाठी धमकी दिली तर तो वेगळा गुन्हा आहे, कलम २३२, सात वर्षांपर्यंतचा. 'बघून घेऊ' म्हणून कुणी घरी आलं तर तारीख, वेळ, शब्द वहीत टिपून ठेवा. फोन आला तर तो क्रमांक आणि वेळही.

फिर्याद मालकांच्याच नावे हवी असं काही नाही. तुम्ही घरात होतात, तुम्ही पाहिलंत, तुम्ही द्या. वकिलाच्या खर्चाचीही काळजी नको. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तुमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोनवर १५१०० हा क्रमांक आहे. जाताना ठाण्यातल्या अर्जाची प्रत, टेपसकट फोटो, आधार कार्ड आणि दिरांना सोबत न्या. भांडण त्यांच्याशी झालं, त्यामुळे त्यांचा जबाब तुमच्याइतकाच मोलाचा आहे, आणि पहिला दिवस वाया जाणार नाही. सासूबाईंना एवढ्या लांब नेऊ नका. साठ वर्षांवरच्या किंवा गंभीर आजारी माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं.